रॉटरडॅमचा मुक्काम

सोमनाथराव ढोमशांना युरोपातली गावं तोंडपाठ होती, पण ती भूगोलाच्या पुस्तकातून नव्हे, द्राक्षांच्या खोक्यांवरून. रॉटरडॅम, व्हेन्लो, अँटवर्प, हॅम्बुर्ग. नाशिकहून आग्रा रोडने निघालं की पिंपळगावच्या अलीकडे एक पॅकहाऊस लागतं. बागेतून आलेली द्राक्षं तिथे निवडतात, डब्यांत भरतात, थंड करतात आणि कंटेनरमध्ये चढवतात. सोमनाथराव तिथे वजनकाट्यावर लागले होते आणि आता साठीला टेकताना मालाच्या गुणवत्तेचे प्रमुख होते. कोणती बाग परदेशी जाईल आणि कोणती गावच्या बाजारात, हे त्यांच्या एका मान हलवण्यावर ठरायचं. त्यामुळे निफाड तालुक्यात त्यांना चहा पाजणारे बरेच होते आणि त्यांच्यावर रुसलेले त्याहून जास्त.

घर पंचवटीत, आडगाव नाक्याजवळ. हंगाम सुरू झाला की माणूस अंधारात घर सोडायचा आणि अंधारातच परतायचा. एरवी गोष्टीवेल्हाळ असलेले सोमनाथराव थंडीच्या दिवसांत घरात पाहुण्यासारखे वावरत. त्यांचं लग्न मे महिन्यातलं, घराची वास्तुशांत मे महिन्यातली, सगळे प्रवासही मे महिन्यातले. उज्वलाताईंनी या परिस्थितीला एक नाव देऊन टाकलं होतं. शेजारणींना त्या सांगत, "कांद्यात कसा उन्हाळी कांदा असतो ना, तसा माझा नवरा उन्हाळी आहे. हिवाळ्यात बाजारात येतच नाही."

त्यांची एकुलती एक मुलगी तेजस्विनी जानेवारीत जन्मलेली. तिच्या वाढदिवसाच्या एकूण एक फोटोत आईशेजारी मामा उभे. कोंडाजी खैरनार, उज्वलाताईंचे थोरले भाऊ, राहणार सटाण्याच्या पुढे, ताहाराबादच्या बाजूला. त्यांचीही द्राक्षबागच, पण बागलाणातली. तिकडे छाटणी आधी होते, माल आधी येतो आणि जानेवारी उजाडेपर्यंत बाग मोकळी होऊन माणूस केक खायला रिकामा असतो.

या आगाप, म्हणजे हंगामाआधी येणाऱ्या द्राक्षांवरून दोघा मेव्हण्यांचं लग्नाच्या दिवसापासून जुंपलेलं. सोमनाथराव पडले निफाडचे. त्यांच्या मते द्राक्ष म्हणजे निफाडचं. थंडी खाऊन, फेब्रुवारीचं ऊन पिऊन आलेलं. बागलाणच्या द्राक्षाला ते 'लोणच्याचा माल' म्हणत. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेले तेव्हा कोंडाजींनी मोठ्या कौतुकाने घड कापून पुढ्यात ठेवला होता. नव्या जावयाने एक मणी तोंडात टाकला, डोळे मिटले आणि विचारलं, "मीठ आहे का घरात?" सगळं घर हसलं. कोंडाजीही हसले, पण त्यांनी ते मनात ठेवलं. त्यानंतर बहिणीला त्यांनी साड्या दिल्या, भाचीला सायकल दिली, मेव्हण्यांना दर वर्षी बाजरीचं पोतं पाठवलं. द्राक्षाचा घड मात्र पुन्हा कधी पुढे केला नाही, आणि सोमनाथरावांच्या पॅकहाऊसच्या दारात आपला एक क्रेटसुद्धा उतरवला नाही.

तर, तेजस्विनीचं लग्न ठरलं. मुलगा घोटीचा, लग्न अर्थातच मे महिन्यात. गणपती बसले त्या आठवड्यात तिने जेवता जेवता जाहीर केलं की लग्नाआधी तिघांनी नाताळच्या सुटीत युरोपला जायचं. ती अंबडच्या एका कंपनीत चांगल्या जागेवर होती आणि दोन वर्षं या एका गोष्टीसाठी पैसे बाजूला टाकत आली होती.

"मला फोटोत पप्पा हवेत," ती म्हणाली. "स्वेटर घातलेले."

उज्वलाताईंनी वाटीतली आमटी तशीच ठेवली. "मला बर्फ पाहायचाय. पडताना. फ्रीजमधला नको."

दोघींनी सोमनाथरावांकडे पाहिलं. ते नेहमीप्रमाणे हंगामाचं कारण सांगतील, अशी दोघींची खात्री होती. पण सोमनाथराव तोंडातला घास संपवून म्हणाले, "रॉटरडॅमला जाता येईल का?"

त्याचं असं होतं. कंटेनरचं दार लागलं, सील बसलं की सोमनाथरावांचा आणि त्या मालाचा संबंध संपे. महिनाभर समुद्रात राहून तो पलीकडे उतरला की काय होई, हे त्यांना फक्त एकाच वेळी कळत असे: तक्रार आली की. मणी गळाले, देठ वाळले, बुरशी आली, की लगेच फोटो येत. चांगल्या निघालेल्या मालाचा फोटो कुणी पाठवत नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत सोमनाथरावांनी युरोपात पोहोचलेली आपली द्राक्षं पाहिली होती ती सगळी नासलेली. दुकानाच्या फळीवर नीट मांडलेला, ताजा, आपल्या हातून गेलेला एक डबा एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्या दिवशी सांगितली. उज्वलाताई ऐकून घेऊन म्हणाल्या, "मग आधी नाही का बोलायचं? मी उगाच काश्मीर काश्मीर करत बसले."

पॅकहाऊसचे मालक ज्ञानेश बोरस्ते तसे तरुण, सोमनाथरावांना काका म्हणणारे. त्यांनी सुटी चटकन दिली. "नाताळात जा काका, निफाडचा माल सुरू व्हायच्या आत परत या. फेब्रुवारीत मागाल तर मात्र मी पाया पडेन."

मग सगळे गेले फैजानकडे. फैजान शेखचं शालिमारजवळ प्रवासाच्या तिकिटांचं छोटं ऑफिस होतं. उमरा, दुबई आणि चारधाम तिन्ही तो सारख्याच आपुलकीने करी. त्याने कॉम्प्युटरवर युरोपचा नकाशा उघडला आणि विचारलं, "बोला काका, कोणकोणती शहरं?"

सोमनाथराव तयार होते. "पहिलं रॉटरडॅम. मग व्हेन्लो. तिथून अँटवर्प, आणि शेवटी हॅम्बुर्ग. हॅम्बुर्गला दोन दिवस ठेव, मोठं आहे."

फैजानने नकाशावर चारी ठिकाणी टिंबं लावून पाहिली. मग तेजस्विनीकडे पाहिलं. मग अगदी अदबीने म्हणाला, "काका, या रूटने लोक नाही जात. माल जातो."

उज्वलाताई हसायला लागल्या त्या थांबेनात. तेजस्विनीने पदर खेचून त्यांना गप्प केलं. पण सोमनाथरावांना त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. खोक्यावर पॅरिसचं नाव त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. जिथे आपला माल उतरत नाही ते शहर मोठं असेलच कशावरून, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

"व्हेन्लोला काय आहे बघायला?" तेजस्विनीने विचारलं.

"गोडाऊनं आहेत. एकेक गोडाऊन आपल्या गोल्फ क्लब मैदानाएवढं."

"मी लग्नाआधी गोडाऊनं बघायला जाणार नाही, पप्पा."

शेवटी फैजानने मध्यस्थी केली. ॲमस्टरडॅमला उतरायचं, तिथून पॅरिस, मग स्वित्झर्लंडात ल्युसर्न, तिथे काकूंचा बर्फ, आणि शेवटी व्हिएन्ना. ॲमस्टरडॅमहून पॅरिसची गाडी रॉटरडॅमवरूनच जाते, म्हणून काकांसाठी तिथे एक मुक्काम. सोमनाथरावांनी व्हेन्लो सोडलं, अँटवर्प सोडलं, हॅम्बुर्गसाठी थोडी घासाघीस केली आणि तेही सोडलं. रॉटरडॅम मिळालं, एवढं बस होतं.

"एकच दिवस पुरे," ते खुशीत म्हणाले. "दोन दुकानं पाहिली की झालं. आपला डबा मी लांबून ओळखतो."

तेजस्विनी मोबाईलमध्ये तारखा टाकत होती. ती थबकली. "पप्पा, आपण तिथे डिसेंबरात असणार. निफाडची द्राक्षं तिथे डिसेंबरात कशी असतील? तुमचा पहिला कंटेनरच जानेवारीत निघतो ना?"

ज्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी कोणत्या तालुक्यातला माल कोणत्या आठवड्यात बोटीवर चढतो हे सांगता येईल, त्या माणसाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. सोमनाथरावांच्या मनात युरोप म्हणजे एक अखंड फेब्रुवारी होता. तिथे कायम थंडी असायची आणि दुकानात कायम निफाडची द्राक्षं.

"खरंच की," ते म्हणाले.

तिकिटं झाली, पण सोमनाथरावांचा उत्साह गेला. बोलावलं की ते येत, दाखवलं की बघत. आयफेल टॉवरच्या फोटोला "उंच आहे" म्हणत. एकदा त्यांनी चाचपून पाहिलं, "समजा, तुम्ही दोघी डिसेंबरात जाऊन आलात आणि मी पुढे कधीतरी..." उज्वलाताईंनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "पुढे कधी? तुमचा माल तिथे असेल तेव्हा तुम्ही इथे असणार. तुम्ही तिथे असाल तेव्हा माल इथे असणार. तुमची नि त्याची भेट या जन्मी व्हायची नाही. निदान आमची तरी होऊ द्या."

हे बोलून गेल्या खऱ्या, पण नंतर त्यांनाच ते लागलं. भांडी लावताना त्या विचार करत राहिल्या. डिसेंबरात तिथे द्राक्षं पोहोचायची तर ती नोव्हेंबरात निघायला हवीत. नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात द्राक्षं कुठे तयार असतात, हे काही त्यांना कुणाला विचारायला नको होतं. त्या त्याच मातीत वाढल्या होत्या.

त्यांनी गुपचूप ज्ञानेशला फोन लावला. ज्ञानेश म्हणाला, "काकू, गंमत आहे. रॉटरडॅमचा एक व्यापारी या वर्षी नाताळासाठी एक कंटेनर मागतोय. बागलाणातून माल घ्यावा लागेल म्हणून मी काकांना विचारलंच नाही. ते मला मीठ मागतील." मिठाची गोष्ट पॅकहाऊसपर्यंत पोहोचलेली होती.

त्या वर्षी दिवाळी लवकर होती. भाऊबीजेला सगळे मामांकडे गेले. अंगणात पाट मांडला, रांगोळी घातली, कोंडाजी टोपी सारखी करून पाटावर बसले. उज्वलाताईंनी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी फिरवली, ओवाळलं. नेहमीप्रमाणे कोंडाजींनी खिशात हात घातला.

"बाई, ताटमा काय टाकू? का साडीच लेशी?" बहिणीशी बोलताना त्यांची जीभ अहिराणीतच वळायची.

"साडी नको, पाकीटही नको. मी मागेन ते द्यायचं."

"माग ना. तुले कधी नाही म्हटलं?"

"तुमची बाग यंदा ह्यांच्या पॅकहाऊसला द्या."

कोंडाजींचा खिशातला हात खिशातच राहिला. ओसरीवर सोमनाथराव चकलीचा तुकडा मोडत होते. तो मोडायचा राहिला. उज्वलाताई ताट धरून उभ्या. ओवाळणी पडल्याशिवाय ताट खाली ठेवायचं नसतं आणि भावाने पाटावरून उठायचं नसतं. निरांजन तेवत होतं.

"व्यापारी बांधावर येऊन माल नेतो मना," कोंडाजी म्हणाले. "काही कटकट नही."

"माझा हात दुखतोय, भाऊ."

"तुझ्या घरधन्याला विचार आधी. लोणच्याचा माल परदेशी चालतो का म्हणावं."

सगळ्यांनी ओसरीकडे पाहिलं. सोमनाथरावांनी चकली ताटलीत ठेवली. एकीकडे कित्येक वर्षांची थट्टा आणि दुसरीकडे रॉटरडॅमची फळी. त्यांना बायकोचा डाव तेव्हा कुठे उमगला, आणि तिच्याबद्दल त्यांना एकदम फार माया वाटली. पण तोंडाने ते इतकंच म्हणाले, "साखर भरली तर चालेल. तपासावं लागेल."

"तपासा ना," कोंडाजी म्हणाले. "भितो का काय मी?" आणि बहिणीच्या ताटात त्यांनी सुपारीशेजारी रिकामी मूठ उघडली. "दिली बाग. ठेव आता ताट, तेल संपी जाई."

ठरल्याप्रमाणे आठवड्याने सोमनाथराव तपासणीला गेले. साखर मोजायचं एक छोटं नळीसारखं यंत्र असतं. त्याच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, की आत आकडा दिसतो. सोमनाथरावांनी बागेच्या चारी कोपऱ्यांतून, मधल्या ओळींतून, वरच्या घडांतून, खालच्या घडांतून मणी घेतले. बाग देखणी होती. घड सारखे, मणी टपोरे, पानं निरोगी. साठीचा मेव्हणा आजही पहाटे उठून बागेत फिरतो हे झाडांवरून दिसत होतं. फक्त आकडा दोन घरं कमी होता.

कोंडाजी मागे उभे होते. "काय म्हणते तुमची दुर्बीण?"

कंटेनरची तारीख जवळ आली होती. ज्ञानेशने "काका, तुम्ही म्हणाल ते" असं सांगून ठेवलं होतं. सोमनाथरावांनी मान हलवली असती तर कुणी विचारायला आलं नसतं, आणि तिकडे फळीवर डबाही दिसला असता. त्यांनी पुन्हा एक मणी घेतला, पुन्हा डोळा लावला.

"अजून नाही झाली," ते म्हणाले. "आज पाठवता येणार नाही."

"दाजी, घरचे शेतस तुम्ही."

"घरचा आहे म्हणूनच. तिकडच्या माणसाने मीठ मागितलं तर मी काय सांगू?"

कोंडाजी बांधापर्यंत सोडायला आले, चहा घ्या म्हणाले नाहीत. घरी आल्यावर उज्वलाताईंनी हकिगत ऐकली आणि डोक्याला हात लावला. "भावाला पाटावर बसवून बाग घेतली मी, आणि तुम्ही ती नापास करून आलात."

"नापास नाही. थांबवली आहे."

"कशासाठी थांबवली? बोट थांबणार आहे का?"

बोट थांबणार नव्हती. पण ज्ञानेशने बरीच फोनाफोनी करून पुढच्या बोटीवर जागा मिळवली. ती बोट नाताळाच्या अगदी तोंडावर पोहोचणार होती. आता सगळं आभाळावर होतं. त्या आठवड्यात सोमनाथराव रोज सकाळी गच्चीवर जाऊन सटाण्याच्या दिशेला बघत. पंचवटीतून सटाण्याचं आभाळ दिसत नाही, हे त्यांना उज्वलाताईंनी सांगितलं. तरी ते जात. ढग आले असते तर साखर अडली असती. ढग आले नाहीत. दिवसा कडक ऊन पडलं आणि पहाटे बोचरी थंडी पडायला लागली. आणि एका सकाळी फोन वाजला.

"दाजी," पलीकडून कोंडाजी म्हणाले, "मी काही म्हणत नही. तुमची दुर्बीण घेऊन या."

यावेळी आकडा बसला. पुढच्या ओळीत बसला, खालच्या घडात बसला, कोपऱ्यातल्या झाडाला तर एक घर वर गेला. सोमनाथरावांनी यंत्र पुसून खिशात ठेवलं आणि मान हलवली. कोंडाजींनी चहा सांगितला, मग स्वतःच आत जाऊन दोनदा सांगितला.

माल पॅकहाऊसला आला त्या दिवशी घरची मंडळीही आली. तेजस्विनीची कल्पना होती. युरोपात शून्याच्या आसपास थंडी असणार आणि द्राक्षांची शीतखोलीही तितकीच थंड असते. मग नवे कपडे तिथेच का तपासू नयेत? उज्वलाताईंचा सगळा घोर कपड्यांचा होता. मुलगी पँट घाल म्हणत होती आणि त्यांना साडी सोडायची नव्हती. साडीच्या आत लोकरीचं, वर स्वेटर, त्यावर तेजस्विनीचा लांब कोट, डोक्याला कानटोपी आणि पॅकहाऊसच्या नियमाने कानटोपीवर केसांची जाळी अशा थाटात त्या आत शिरल्या. निवडीच्या टेबलावरच्या बाया काम सोडून बघायला लागल्या.

कोंडाजी एका सदऱ्यावर आत गेले. "आमच्याकडे पहाटे बागेत याहून गार शे," म्हणाले. दोन मिनिटांनी त्यांना एक महत्त्वाचा फोन आला, जो दुसऱ्या कुणाला ऐकू आला नाही, आणि ते बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले.

उज्वलाताई मात्र आत टिकल्या. भोवती खोक्यांच्या भिंती, पंख्यांची घरघर, तोंडातून वाफ. त्यांनी हात पुढे करून वाफ पाहिली, पुन्हा सोडली. "अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही हिवाळाभर इथे असता होय?"

"इथेच. का?"

"काही नाही. मला वाटायचं, तुम्हाला आमच्यापेक्षा बरं कुठेतरी असतं." मग त्यांनी कोटाचं बटण लावलं. "साडीतच जमतंय. पँट रद्द."

संध्याकाळी कंटेनर भरला. दार लागलं, सील बसलं. नेहमी सोमनाथराव पुढच्या कामाला वळत. त्या दिवशी गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत ते बघत राहिले. कोंडाजी शेजारी येऊन उभे राहिले. "चला," ते म्हणाले, "रुखवत पुढे गेलं. आता वऱ्हाडाने निघायचं बघा."

व्हिसासाठी मुंबईला गेले तेव्हा खिडकीवरच्या मुलीने सोमनाथरावांना विचारलं, कशासाठी जाताय? फैजानने पढवलं होतं, 'फिरायला' म्हणायचं. ते म्हणाले, "मेव्हण्यांचा माल पाहायला." मग तेजस्विनीला बराच वेळ समजावावं लागलं. व्हिसा मिळाला. सामान भरताना ठेच्याच्या बरण्या किती न्यायच्या यावर घरात दोन पक्ष पडले आणि बरण्यांचा पक्ष जिंकला. नाताळच्या आधी चार दिवस ढोमसे कुटुंब विमानात बसलं.

रॉटरडॅमला बर्फ नव्हता. बारीक पाऊस होता आणि टोपी उडवणारा वारा. उज्वलाताईंनी कोट घट्ट केला. "बर्फ पुढच्या गावी, माहितीय मला. चला, आधी तुमचं उरका."

पहिल्या दुकानात पेरू देशाची द्राक्षं होती. दुसऱ्यात दक्षिण आफ्रिकेची. सोमनाथरावांनी डबे उचलून, उलटून, देठ पाहून खाली ठेवले. तिसऱ्या दुकानात द्राक्षंच नव्हती. व्यापाऱ्याने ज्या दुकानाचा पत्ता दिला होता ते त्या दिवशी बंद. तेजस्विनी भिजलेल्या मोबाईलवर रस्ते शोधत होती. पॅरिसची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची.

"राहू द्या," सोमनाथराव म्हणाले. "इथवर आलो, गाव बघितलं. चांगलं आहे गाव."

"गाव कुठे बघितलं? भाजीच बघतोय," उज्वलाताई म्हणाल्या. "ते कोपऱ्यावरचं राहिलं. तिथे जाऊ, आणि मग कुठेतरी गरम काहीतरी पिऊ."

कोपऱ्यावरचं दुकान एका तुर्की बाईंचं होतं. दारात संत्री, आत डाळी, मसाले, भाज्या. सोमनाथराव दारातच थांबले. त्यांनी लांबून ओळखलं. डाळिंबांच्या बाजूला, मधल्या फळीवर, अर्ध्या किलोचे पारदर्शक डबे. ते जवळ गेले. एक डबा दोन्ही हातांनी उचलला, उजेडाकडे फिरवला. देठ हिरवे, मणी घट्ट, वरची भुकटीसारखी पांढरी चमक शाबूत. खालच्या चिकटपट्टीवर पॅकहाऊसचं नाव आणि त्यांनी स्वतः दिलेला बागेचा क्रमांक.

तेजस्विनीने फोटो काढला. सोमनाथराव स्वेटर घातलेले, कानटोपी वाकडी, हातात डबा, आणि डोळे असे की तिने दुसरा काढलाच नाही.

पैसे देऊन त्यांनी डबा तिथेच उघडला. एक मणी उज्वलाताईंना दिला, एक तेजस्विनीला, एक गल्ल्यावरच्या बाईंना. मग स्वतः तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

उज्वलाताईंनी तोवर फोन लावला होता. "भाऊ, हे घ्या, बोला ह्यांच्याशी."

"बोला दाजी," कोंडाजींचा आवाज आला. त्यांनी स्पीकर लावला असावा, कारण आवाज घुमत होता आणि मागे बऱ्याच माणसांची कुजबुज ऐकू येत होती. "पोहोचला का मना माल?"

"पोहोचला. एकदम ताजा आहे."

"खाल्ला का?"

"खाल्ला."

"मंग? मीठ लागलं का?"

सोमनाथरावांनी फोन कानाला जरा जास्त दाबला. "गोड आहेत," ते म्हणाले.

"काय म्हणतस? वारा शे आठे. आयकू येत नही."

"गोड आहेत म्हटलं."

"दाजी, मोठ्याने बोला. बठ्ठा गाव उभा शे, कोणाले काही आयकू येत नही."

सोमनाथरावांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. दोघींनीही मदत केली नाही. मग त्यांनी निफाडच्या बाजारात बोली करावी तशा खड्या आवाजात सांगितलं, "कोंडाजीभाऊ, द्राक्षं गोड आहेत. निफाडसारखी गोड आहेत."

दुकानातली चार माणसं वळून बघायला लागली. फोनमधून हसण्याचा मोठा लोट आला. तो ओसरल्यावर कोंडाजी म्हणाले, "निफाडसारखी नका म्हणू. नुसती गोड म्हणा."

"नुसती गोड."

"आता आयकू आलं."

गल्ल्यावरच्या बाईंना शब्द एकही कळला नव्हता, पण मणी त्यांनी खाल्ला होता. त्यांनी आणखी एक मागून घेतला. टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी हे सगळं पाहून दोन डबे टोपलीत टाकले. मग एका तरुण जोडप्याने एक नेला. फळीवर जागा मोकळी झाली, राहिलेले डबे तिरके झाले. सोमनाथरावांनी फोन मुलीकडे दिला, पुढे झाले आणि डबे सरळ केले. मागचे पुढे आणले, सगळ्या चिकटपट्ट्या एका रेषेत दर्शनी घेतल्या. एक डबा जरा तिरका वाटला म्हणून पुन्हा सरळ केला.

"अहो," उज्वलाताई दारातून म्हणाल्या, "सुटीवर आहात."

"आलोच," ते म्हणाले, आणि खालच्या फळीकडे वळले.